बाजाराचा आठवडा

तीन-चार वर्षांच्या मुलाला वार कळत नाहीत. सातही नावं एका दमात म्हणून दाखवणारं मूल 'आज कोणता वार?' असं विचारलं की तोंडाला येईल तो वार सांगतं. बाजाराचा दिवस मात्र त्याला पक्का ठाऊक असतो. त्या दिवशी आजी खुंटीवरच्या पिशव्या काढते, संध्याकाळी घरात शेव किंवा भजी येतात आणि अंगणवाडीतली बरीच मुलं आईचं बोट धरून बाजाराच्या वाटेला लागलेली असतात.

पूर्वप्राथमिक वर्गातला एक आठवडा कसा सरकतो हे दाखवायला मी आठवडी बाजार हा विषय घेतला आहे तो एवढ्याचसाठी. पुढं येणारा वर्ग कुठल्या एका गावचा नाही. ग्रामीण महाराष्ट्रात कुठंही सापडेल असा तो आहे: एक खोली, पुढं ओटा, तीन ते सहा वयाची पंचवीसेक मुलं, एक सेविका, एक मदतनीस. मुलं दोघींनाही 'ताई'च म्हणतात. बाजार गुरुवारचा.

एका विषयाभोवती आठवडा गुंफायचा आणि त्यासाठी गावातल्याच वस्तू वापरायच्या, ही पद्धत आज सरकारी पुस्तिकांत इतकी सर्रास असते की ती कुणाला तरी सुचावी लागली होती हे विसरायला होतं. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथं जाऊन त्यांच्याबरोबर काही वर्षं काम करून आल्या. माँटेसोरी पद्धत दोघांनाही मनापासून पटलेली होती. पण त्या पद्धतीचे दट्ट्ये, मनोरे, घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे हे सगळं महागडं सामान. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या, तेव्हा असं सामान आणायचं कुठून आणि त्याचा उपयोग काय, हा प्रश्न समोर उभाच होता. उत्तर पायाखाली पडलेलं होतं. समुद्रकाठचे शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या, माती. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यांतून शिकवता येत होतं, आणि हरवलं तर कुणाला रागवावं लागत नव्हतं.

दुसरी अडचण याहून मोठी होती. वस्तीवरची मुलं बालवाडीत येतच नव्हती. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिला नाव पडलं अंगणवाडी. मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी-गोष्टी करायच्या. पुढं १९५०च्या दशकात हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. नावाबरोबर कामांची यादीही आली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वशालेय शिक्षण. शिक्षण सहांपैकी एक. सेविकेच्या दिवसातही त्याच्या वाट्याला साधारण तेवढाच वेळ येतो, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

आता सोमवार. गोलात बसून गप्पा. 'बाजारात काय काय मिळतं?' असं ताई विचारते. पहिलं मूल 'भेळ' म्हणतं, आणि पुढची सहा-सात मुलंही 'भेळ'च म्हणतात. नवख्या सेविकेला इथं वाटतं की मुलांना बोलताच येत नाही. तसं नसतं. दहा जणांसमोर स्वतःचं वेगळं काही सांगणं हे धाडसाचं काम आहे, आणि शेजारच्याचंच उत्तर पुन्हा देणं ही त्या धाडसाची पहिली पायरी. अनुभवी ताई प्रश्न बदलते. 'तुझी आजी पिशवीत सगळ्यांत खाली काय ठेवते?' याला भेळ हे उत्तर चालत नाही. एक जण बटाटे म्हणतो. का? 'टमाटे फुटतात ना.' चार वर्षांच्या मुलानं कारण सांगितलं, तेही पुढच्या पायरीचं. सोमवारचं काम तिथंच झालं. मग ताईनं बाजाराचं गाणं घेतलं काय आणि नाही घेतलं काय.

या गप्पांत घरची बोली चालू द्यायची की नाही, यावर अजूनही वाद घातला जातो. मला त्यात वादासारखं काही दिसत नाही. धारणीतलं मूल कोरकूत बोलेल, धडगावातलं पावरीत, डहाणूतलं वारलीत. ज्या भाषेत ते आजीशी भांडतं त्याच भाषेत त्याला कारणं सुचणार. प्रमाण मराठी नंतर येते, आणि घरची बोली गिळून टाकल्याशिवायही येते.

मंगळवारी ताई घरून टोपलीभर भाजी आणते. टोमॅटो, कांदे, बटाटे, मिरच्या, लसणाचे गड्डे, लिंबं, एखादा दुधी. टोपली ओतायची आणि 'एकासारखं एक लावा' एवढंच सांगायचं. सूचना मुद्दाम ढिली ठेवायची. कुणी रंग धरतं: टोमॅटो आणि लाल मिरची एका ढिगात. कुणी आकार धरतं आणि लिंबू कांद्यापाशी नेऊन ठेवतं. एखादी मुलगी कांदा, लसूण आणि बटाटा एकत्र करते. तिला चूक ठरवण्याआधी कारण विचारलं, तर ती सांगते की यांची सालं काढायला लागतात. तिच्या घरी तेच काम तिच्याकडं असणार. वस्तू अनेक परींनी वाटता येतात, आणि वाटण्याचा नियम आपणच ठरवतो, ही वर्गीकरणाची मूळ गोष्ट. कार्यपुस्तिकेतल्या 'फळांना गोल करा' या पानावर ती हाती लागत नाही. तिथं नियम आधीच छापलेला असतो.

इथं जाता जाता एक धोक्याची सूचना. टोपलीऐवजी बिया वापरायच्या असतील, तर चिंचोके आणि सागरगोटे चालतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला कितीही देखण्या असल्या तरी वर्गात आणायच्या नाहीत, दोन्ही विषारी असतात. तीन वर्षांखालचं भावंड वर्गात येऊन बसत असेल, तर कोणतीच बारीक बी खाली ठेवायची नाही. नाकात गेलेला हरभरा ओलाव्यानं फुगतो आणि मग गाठ डॉक्टरशीच पडते.

बुधवारी सेविकेला प्रकल्पाच्या बैठकीला जावं लागतं. आराखड्यात ही ओळ कधीच नसते, पण आठवड्यातला एक दिवस बैठक, सर्वेक्षण नाहीतर मोबाइलवरची माहिती भरण्यात जाणार, हे धरूनच चालावं लागतं. वर्ग मदतनीस ताईवर येतो, आणि तिला तर खिचडी करायची असते. ती मुलांना ओट्यावर बसवते, एका ताटात लसूण, दुसऱ्यात वालाच्या शेंगा ठेवते आणि म्हणते, 'चला, सोला.' माझ्या मते आठवड्यातलं सर्वांत चांगलं शिक्षण याच दिवशी होतं, आणि नोंदवहीत ते कुठंच येत नाही.

शेंग सोलताना काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. डाव्या हातानं शेंग स्थिर धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखानं शीर उकलायची, दाणा चिमटीत धरायचा, वाटीत टाकायचा. दोन हात दोन निरनिराळी कामं करतात आणि डोळा दोघांवर लक्ष ठेवतो. पुढं पेन्सिल धरायची ती याच चिमटीनं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात, आणि एकामागून एक टणक होत जातात. तीन-चार वर्षांच्या वयात त्यांतली निम्मीही धड तयार नसतात, शेवटचं तर नऊ ते बाराच्या दरम्यान येतं. खांद्यापासून बोटांपर्यंत ताबा उतरत जायला वेळ लागतो. तीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वही देऊन पानभर 'अ' गिरवायला लावणाऱ्या शाळा गावोगावी निघाल्या आहेत, आणि पालक त्यांना फी भरून रांगा लावतात. त्या पानभर 'अ'मधून मूल शिकतं ते एवढंच की लिहिणं म्हणजे हात दुखणं. दोन आठवडे लसूण सोललेलं मूल त्याच्यापुढं असतं, पण हे पालकांना पटवणं सोपं नाही. 'सोलायला घरी काय कमी आहे?' असं ते विचारतात, आणि त्यांचा प्रश्नही रास्त असतो. फरक असा की घरी घाई असते. मुलाच्या हातून शेंग काढून घेतली जाते.

घाई न करण्याची किंमत काय, हे मारिया माँटेसोरींना एका मुलीनं दाखवलं होतं. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलं. तिथली तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्ये त्यांच्या भोकांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. माँटेसोरींनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. ती थांबली नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपणहून थांबली, आणि दमलेली नव्हे तर ताजीतवानी दिसत होती. मोठ्या माणसाला जे कंटाळवाणं वाटतं त्यात मूल इतकं का रमतं, या कोड्यातून पुढची सगळी पद्धत उभी राहिली. वालाच्या शेंगांचं ताट हे त्याचंच खिचडीसाठी उपयोगी पडणारं रूप आहे.

गुरुवारी बाजार. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पंचवीस मुलांना दोरीला धरून अर्धा किलोमीटर न्यायचं, दोन-तीन आयांना मदतीला घ्यायचं, एकाला वाटेत शू लागते, दुसरा फुग्यासाठी बसकण मारतो. बाजारात काही 'शिकवायला' जाऊ नये. ताईनं एखाद्या भाजीवाल्या मावशीशी आधी बोलून ठेवलं, तर मुलांना पालापाशी पाच मिनिटं उभं राहू दिलं जातं. मावशी कोथिंबिरीची जुडी बांधते, वाटे लावते, तराजूत पाव किलो भेंडी टाकून वर दोन भेंड्या जास्त घालते. मुलांनी ते बघावं, एक लिंबू स्वतःच्या हातानं पैसे देऊन घ्यावं आणि परत यावं. एवढं पुष्कळ.

सगळा खेळ शुक्रवारचा. वर्गात बाजार भरतो. गोणपाट अंथरलं जातं, मातीचे टोमॅटो, कागदाच्या बोळ्यांची फुलकोबी, खरी लिंबं, चिंचोक्यांचे पैसे. काठीच्या दोन टोकांना नारळाच्या करवंट्या बांधून तराजू. ताई एकदा गिऱ्हाईक होते आणि मग बाजूला बसते.

पहिल्यांदा ध्यानात येतो तो मुलांचा संयम. एरवी हातातला पेरू तोंडात गेल्याशिवाय न राहणारा मुलगा दुकानदार झाला, की पेरू समोर असूनही खात नाही. दुकानदार स्वतःचा माल खात नाही, हा नियम त्याला कुणी सांगितलेला नसतो, भूमिकेबरोबर तो आपोआप येतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. खेळ म्हणजे मोकाट सुटणं, हा मोठ्यांचा समज. खरं तर खेळातच मूल सर्वांत कडक नियम पाळतं, आणि तेही आनंदानं. पुढं मानुइलेन्को या संशोधकानं १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं 'उभा राहा' म्हटल्यावर जेवढा वेळ ती उभी राहत, त्याहून कितीतरी अधिक वेळ ती पहारेकऱ्याच्या भूमिकेत राहिली. वर्गात 'हाताची घडी, तोंडावर बोट' असं दिवसातून वीसदा म्हणणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

खेळाची दुसरी बाजू वयाप्रमाणं बदलते. तीन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं दुकान मांडतात. एकमेकांकडं बघतात, नक्कल करतात, पण व्यवहार होत नाही. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली याला समांतर खेळ असं नाव दिलं होतं. पाच वर्षांच्या मुलांत मात्र भांडण जुंपतं: 'तू गिऱ्हाईक आहेस, तू पलीकडं बस.' हे भांडण सोडवायला ताईनं धावू नये. कोण काय होणार, किती वेळ होणार, मग पाळी कुणाची, या वाटाघाटीत जेवढी भाषा वापरली जाते तेवढी आठवडाभराच्या गोष्टींतही नसते.

आता गणित. 'दहाला वाटा' ही आपल्या बाजारातली फार कामाची गोष्ट आहे आणि पुस्तकांनी तिची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. बारा लिंबांचे चार वाटे लावा म्हटलं, की मूल एकेक लिंबू फिरवून ठेवत जातं. इकडे एक, इकडे एक. भागाकार हा शब्द चार वर्षं दूर असतो. सगळे वाटे सारखे झाले का, हे बघायला मोजावंच लागतं असंही नाही. दोन वाटे समोरासमोर लावून जोड्या जमवल्या, की एक लिंबू उरलेलं दिसतं.

तराजूपाशी वेगळीच गंमत. एका करवंटीत कागदाची मोठी फुलकोबी, दुसरीत छोटा बटाटा. कुठली बाजू खाली जाईल? सगळे ओरडतात, 'कोबी!' बटाट्याची बाजू खाली जाते. मुलं तराजूवर संशय घेतात, करवंट्यांची अदलाबदल करायला लावतात. बटाटाच जिंकतो. मोठं ते जड, हा समज एका खेळानं जात नाही, आणि ताईनं 'बघा, आकार मोठा असला म्हणून वजन जास्त नसतं' असं सांगून तर मुळीच जात नाही. त्यासाठी हा तराजू महिनाभर कोपऱ्यात टांगलेला हवा. पैशांचंही तसंच. एक चिंचोका देऊन तीन बारीक खडे परत मिळाले, की गिऱ्हाईक खूश. आपल्याला जास्त मिळालं असं त्याला वाटतं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. पाच वर्षांची एक मुलगी एक ते वीस खणखणीत म्हणते. पाहुणे आले की तिलाच उभं केलं जातं. खेळात गिऱ्हाईक म्हणतं, 'मला चार लिंबं दे.' ती मूठ भरून लिंबं देते. किती दिली हे तिनं पाहिलेलं नसतं. रॉशेल गेल्मन आणि चार्ल्स गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजण्यामागची तत्त्वं मांडली: प्रत्येक वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम कायम, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या. यातलं शेवटचं सर्वांत उशिरा पक्कं होतं. कॅरन विन यांनी १९९० साली नेमका हाच 'इतके दे' खेळ मुलांशी खेळून दाखवलं, की मूल आधी फक्त एक बरोबर देतं, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि त्यानंतर कधीतरी मोजून कितीही द्यायला लागतं. अंकांची नावं त्याआधी खूप लवकर पाठ झालेली असतात. वीसपर्यंत म्हणणारी मुलगी प्रत्यक्षात तीनपाशी असू शकते. वीसपर्यंत म्हणता न येणारा, मागं बसणारा एखादा मुलगा पाच लिंबं बिनचूक मोजून देतो, कारण बापाच्या हातगाडीवर तो रोज तेच करतो.

बाजारात पाट्याही लागतात. मुलं खडूनं 'भाव' लिहितात, म्हणजे रेघोट्या मारतात. देवनागरी बघत वाढलेल्या मुलाच्या रेघोट्यांवर पुष्कळदा एक आडवी रेघ असते आणि खाली वेटोळी लोंबत असतात. त्याला एकही अक्षर येत नाही, पण आपल्या अक्षरांना छप्पर असतं हे त्यानं हेरलेलं असतं. ताईनं ते खोडून खाली स्वच्छ '१० रुपये' लिहिलं, तर पुढच्या वेळी ते मूल खडू ताईच्याच हातात देतं.

शनिवारी आया येतात. वजन होतं, वाढतक्त्यावर टिंब पडतं, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं वाटली जातात, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, 'ताई, लिहायला कधी घेणार?' यावर भाषणाचा काही उपयोग होत नाही. एका ताईची युक्ती मला आवडते: ती आयांनाच गोणपाटावर बसवते आणि पोरांना दुकानदार करते. आपलं मूल वाटे लावताना, 'वर दोन मिरच्या घे मावशी' म्हणताना दिसलं, की प्रश्न निदान महिनाभर थांबतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०२० साली तीन ते आठ ही पाच वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली, २०२२ साली त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा आला, आणि त्यात खेळातून शिकण्यावर पानंच्या पानं आहेत. कागदावर बोर्डीचा विजय झालेला आहे. वर्गातला प्रश्न मात्र शनिवारी दुपारी सेविकेसमोर असतो आणि तो बराच बारीक असतो. पुढच्या आठवड्याचा विषय 'वाहने' असा छापून आला आहे. इकडं वीसपर्यंत म्हणणारी मुलगी अजून चार लिंबं देऊ शकत नाही, तराजूवरचा संशय फिटलेला नाही, आणि सोमवारी फक्त 'भेळ' म्हणालेला मुलगा शुक्रवारी पहिल्यांदा स्वतःहून भाव करायला लागला आहे. ताईला विचाराल तर बाजार अजून एक आठवडा चालू ठेवायला हवा, आणि वाहनं त्यातच आणता येतील: भाजी बाजारात येते ती टेम्पोतून. पर्यवेक्षिका आली, तर भिंतीवर चित्र टेम्पोचंच असेल.